शुक्रवारी मातीला हात नाही

आमच्या मातीबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय. ओली असली की पायातला बूट ओढून घेते, सुकली की दाताळ्याचे दात मोडते. मधे थोडा वेळ असा येतो, अर्धा दिवस म्हणा, कधी तेवढाही नाही, की ती माणसात येते आणि हातात मोकळी होते. म्हणून तिला आमच्याकडे मिनिटांची माती म्हणतात. तिसा नदीच्या या बाजूला जन्मलेल्या बाईला नवऱ्याचा राग ओळखता आला नाही तरी चालेल, मातीची वेळ ओळखता आलीच पाहिजे. माझ्या सासूनं एकदा बाप्तिस्म्याला आलेले पाहुणे टेबलावर तसेच सोडले आणि जाऊन कांद्याचा वाफा उकरला. तिला कोणी नावं ठेवली नाहीत. पाहुण्यांतले दोघं उठून स्वतःच्या वाफ्यावर पळाले.

माझी शेजारीण पिरोश्का या कामात आम्हा सगळ्यांच्या वरचढ. ती माती हातात घ्यायची पण नाही. कोंबड्या अंगणात सोडायची आणि त्यांचे पाय बघत बसायची. पायाला चिखल चिकटतोय तोवर थांबायचं, चिकटायचा बंद झाला की लगेच उठायचं. मी हसायचे. "तुझ्या कोंबड्यांना सरकारनं पगार दिला पाहिजे," म्हणायचे. पण माझं गाजर दर दुसऱ्या वर्षी मार खायचं आणि तिचं उभं राहायचं, हे काही खोटं नाही.

गाजर आणि पार्स्ली, म्हणजे सूपात घालायचं तिचं पांढरं मूळ, यातच आमच्याकडे बाईची परीक्षा. कांदे काय, कोणीही लावतं, ते उशाखालीही उगवतील. गाजराचं बी मात्र नाजूक. पेरलं, त्यावर सडकून पाऊस झाला आणि मागून ऊन पडलं, की मातीवर खपली धरते. बोटभर जाड आणि दगडासारखी टणक. खालचा कोंब वर येतो, डोकं आपटतो, वाकडा होतो आणि तिथंच मरतो. तेव्हा खपली धरायच्या आत ती हलकेच फोडावी लागते. एक दिवस चुकला की संपलं. शहरातली शहाणी माणसं सांगतात, वाळू मिसळा. आमच्या गावातली जुनी घरं याच मातीची आहेत बाबांनो! वाळू आणि भुसा मिसळला की तिची वीट होते. भिंती बांधायच्या असतील तर मिसळा.

पिरोश्काचा सगळा जन्म याच मातीत गेला. तरुणपणी सहकारी शेतात साखरबीट उपसलं, संध्याकाळी घरचा वाफा. नवरा देझ्यो, त्याची संध्याकाळ दारूच्या गुत्त्यावर. दोन मुलं. धाकटी एनिको, ती शिकून देब्रेत्सेनला गेली आणि चष्म्याच्या दुकानात लागली. थोरला बालिंत. हसरा पोरगा होता. माझ्या स्वयंपाकघरात शिट्टी वाजवत यायचा आणि न विचारता भांड्याचं झाकण उघडायचा. पंचविशीही गाठली नव्हती. शरद ऋतूतल्या धुक्यात त्याची मोटरसायकल बीटच्या ट्रॉलीवर आदळली. पुढं देझ्योही गेला, पण त्याचं दुःख काय सांगू, नियमाप्रमाणे झालं. बालिंतचं दुःख पिरोश्कानं कधी बाजूला ठेवलंच नाही. रोज संध्याकाळी ती पाण्याचा डबा घेऊन दफनभूमीत जायची. तिथली मातीही हीच, थडग्यावर भेगा पडायच्या. ती वरची खपली बोटांनी फोडायची, पाणी घालायची, दोन गोष्टी सांगायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायची. पावसात, बर्फात, ताप असताना, कधी चुकली नाही.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ती तळघराच्या पायऱ्यांवरून पडली. मी अंडी मागायला गेले म्हणून सापडली, नाहीतर थंडीनं तिथंच गेली असती. एनिको धावत आली. रडली, ओरडली, "आई, आता पुरे, माझ्याकडे चल." पिरोश्का म्हणाली, "कंबर दुखतेय, अक्कल नाही दुखत." तेव्हाचं तेव्हा मिटलं. पण ख्रिसमसला एनिको परत आली आणि सूपासाठी भाजी काढायला गेली तर तिच्या हाती दुकानातली प्लास्टिकची पिशवी लागली. मी तिथंच चुलीपाशी बसले होते.

"आई, हे काय?"

"पार्स्ली. चष्मे विकतेस आणि दिसत नाही?"

"दुकानातली? तू दुकानातून पार्स्ली आणतेस?"

आमच्या गावात दुकानातून पार्स्ली आणणारी बाई म्हणजे संपलेली बाई. पिरोश्काचा चेहरा लालभडक झाला. त्या वर्षी तिचा गुडघा सुजला होता, वाफा गवतानं भरला होता, आणि हे तिनं माझ्यापासूनही लपवलं होतं.

"म्हणजे आता तुला वाफासुद्धा होत नाही," एनिको म्हणाली. "आणि म्हणे मी एकटी राहीन."

पिरोश्काची जीभ म्हणजे तिचा वैरी. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ईस्टरला ये. माझ्या वाफ्यात माझ्या हातची गाजरं नि पार्स्ली वर आलेली नसली तर मी स्वतः पिशवी भरून दारात उभी राहीन. आणि आलेली असली तर पुन्हा तोंडातून देब्रेत्सेन काढायचं नाही!"

"इर्मामावशी, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार."

"मला कशाला ओढता गं तुमच्या भांडणात," मी म्हटलं. पण ऐकलं होतं, ते कसं नाकारणार?

एनिको गेल्यावर पिरोश्कानं दार लावलं. मग म्हणाली, "चौथा मजला आहे इर्मा तिचा. सकाळ कशीतरी जाईल. संध्याकाळी मी कुठं जाऊ?" मी म्हटलं, "बाई, आधी गाजरं तर पेर." दुसरं काय म्हणणार होते?

जमीन तिनं पायऱ्यांवरून पडायच्या आधीच खणून ठेवली होती, मोठमोठी ढेकळं तशीच. हिवाळ्यात ती गोठतात आणि आपोआप फुटतात, बर्फच आमचा नांगर. मार्चमध्ये तिनं कोंबड्यांचे पाय बघितले आणि एका सकाळी गुडघ्याला फडकं बांधून वाफ्यात उतरली. मी म्हटलं, ओळी मी ओढते. तिनं मला हाकललं. "माझ्या हातची म्हटलंय मी. तुझा हात लागला तर पैज खोटी ठरेल." रांगत रांगत तिनं बी टाकलं, वर चाळलेलं जुनं शेणखत पसरलं. संध्याकाळी तिला सरळ उभं राहता येईना. तशीच वाकून दफनभूमीत गेली.

मग आम्ही दोघी वाट बघत बसलो. पार्स्ली मोठी मानाची, लवकर येत नाही. ईस्टरच्या आठवड्यातल्या मंगळवारी पिरोश्कानं बोटानं मातीचा कण बाजूला केला आणि मला हाक मारली. खाली पांढरे कोंब होते, बारीक, अगदी वर यायच्या बेतात. ती लहान मुलीसारखी हसली. "रविवारी येऊ दे तिला. नाकासमोर दाखवते," म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

आणि बुधवारी संध्याकाळी आभाळ फाटलं. गुरुवारभर पाऊस, तोही कसा, वरचं शेणखत धुऊन कुंपणापलीकडे नेणारा. शुक्रवारी उठून बघते तर लख्ख ऊन आणि पूर्वेचा कोरडा वारा. मी कपाळावर हात मारला. खपली धरायला याहून चांगला दिवस मागून मिळाला नसता. आणि वारही असा, गुड फ्रायडे!

गुड फ्रायडेला आमच्याकडे मातीला हात लावत नाहीत. नांगर नाही, फावडं नाही, खुरपंसुद्धा नाही. प्रभू त्या दिवशी मातीत असतो, आणि त्याच्याबरोबर मातीतले सगळेच त्या दिवशी जागे असतात, त्यांना घाव लागतो, असं माझी आजी सांगायची. मी दर वर्षी पाळते. खरं मानते का, ते मला विचारू नका. आईनं पाळलं म्हणून पाळते.

सकाळी पिरोश्का अंगणात उभी होती. कोंबड्यांचे पाय स्वच्छ होते. याचा अर्थ तिला मी काय सांगायचा! चर्चच्या घंटा गुरुवारीच रोमला गेलेल्या, ईस्टरपर्यंत त्या वाजत नाहीत तेव्हा आम्ही असंच म्हणतो, त्यामुळे गावात आवाज नाही, नुसता वारा.

"पाणी शिंपडू का?" तिनं विचारलं.

"विहिरीचं? खारट पाण्यानं खपली दुप्पट जाड होईल. तुला माहीत नाही का?"

"मग पांघरूण घालू. पांघरूण घालायला कुठं मनाई आहे?"

लग्नातल्या पलंगपोसांपासून सगळ्या चादरी तिनं बाहेर काढल्या. त्या भिजवून आम्ही वाफ्यावर पसरल्या, कडेला विटा ठेवल्या. समोरचा गेदेऑन, म्हातारा विधुर, कुंपणावरून वाकला. "काय गं पिरोश्का, वाफ्याला ताप आलाय?"

"ताप तुझ्या जिभेला आलाय," मी म्हटलं. "घरात जा आणि उपास कर."

वाऱ्यानं चादरी पोटाखालून फुगवल्या, आम्ही परत भिजवल्या, परत ओढल्या. दोन म्हाताऱ्या, रिकाम्या पोटी, बादल्या घेऊन. दुपारी चर्चला जावंच लागलं. परत आलो तर चादरी कुंपणावर आणि गेदेऑनच्या आलुबुखाराच्या झाडावर. वाफा पांढुरका पडला होता. कडेला बारीक भेगा उमटायला लागल्या होत्या. मी चप्पल आपटून बघितली. अजून पुरती टणक नव्हती. संध्याकाळपर्यंत हलक्या हातानं फोडली असती तर निम्मं तरी वाचलं असतं.

मी घरी जाऊन दाताळं आणलं. "पिरोश्का, तू आत जा. डोळे मिटून बस. माझ्या हाताचं पाप माझ्या डोक्यावर. माझं कोण आहे मातीत? एक नवरा. त्याला दोन घाव बसले तर बसू देत, जिवंतपणी कमीच बसले."

ती हसली नाही. वाफ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"माती काय वेगवेगळी आहे गं इर्मा? इथं मारलं की तिथं लागतं."

"अगं, उद्या उशीर होईल. मग तुला जावं लागेल. त्याच्यापासूनच दूर जावं लागेल, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"त्याचं डोकं आधीच फुटलं होतं," ती म्हणाली. "मीच धुतलं होतं."

यावर मी दाताळं खाली ठेवलं. माझा संताप झाला होता, तिच्यावर, वाऱ्यावर, वर बसलेल्या त्या एकावरही. पण ते ऐकल्यावर माझ्यानं उचलवलं नाही.

शनिवारी दिसायला लागल्यापासून ती वाफ्यात होती. खपली आता ताटासारखी उचलून येत होती, आणि प्रत्येक ताटाबरोबर मान मोडलेले पांढरे कोंब वर येत होते. जे चार दोन धड राहिले ते दुपारच्या वाऱ्यात आडवे झाले. मी बोलावलं तरी ती जेवायला आली नाही. संध्याकाळी तिनं पाण्याचा डबा उचलला आणि नेहमीच्या वाटेनं गेली.

रविवारी एनिको आली, ईस्टरचा गोड पाव आणि हॅम घेऊन. दारातच पिरोश्काची भरलेली पिशवी होती. एनिकोनं पिशवी बघितली, खिडकीतून वाफा बघितला. आणि मी शपथेवर सांगते, ती वाईट पोरगी नाही. तिचा चेहरा मऊ पडला. "आई, पाऊस झाला त्याला तू काय करणार," ती म्हणाली. "पिशवी आत ठेव. आधी जेवू, मग बोलू." माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, सुटली बाई!

जेवताना एनिकोनं सहज विचारलं, "शुक्रवारी दिवसभर ऊन होतं ना? तेव्हाच का नाही फोडलीस?"

"शुक्रवारी?" पिरोश्का म्हणाली. "शुक्रवारी कशी फोडू?"

"अगं आई, फादर स्वतः सांगतात, चर्चचा असा काही नियम नाही."

"फादरला मुलगा नाही."

एनिकोनं काटा खाली ठेवला. "याचा बालिंतशी काय संबंध?"

"त्याच्या अंगावर दाताळं मारून मी इथं राहायचं? त्याला दुखवून त्याच्या शेजारी?"

"आई, त्याला जाऊन किती वर्षं झाली! त्याला आता काही दुखत नाही."

"तुला कोणी सांगितलं?" पिरोश्कानं अगदी शांतपणे विचारलं, जसं कोणी बाजारभाव विचारतं तसं. आणि हॅमवर हॉर्सरॅडिशचं किसलेलं तिखट मूळ घालून खायला लागली.

एनिको उठून माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.  "मावशी, ही असं कधीपासून बोलतेय?"

"जन्मापासून. तुझी आजीही असंच बोलायची. मीही बोलते."

"तुम्ही तिला पाठीशी घालताय. ती मेलेल्या माणसाला दुखेल म्हणून... मावशी, मला भीती वाटते. उद्या तो बोलावतोय म्हणून विहिरीत उतरली तर?"

"अगं वेडे, ती माया आहे. त्याला काय डोक्यात बिघाड म्हणतात का?" माझा आवाज चढला. पण एनिकोला आता काही ऐकू येत नव्हतं. वाफा तिनं माफ केला होता. हे वाक्य तिला माफ करता येईना. घाबरलेल्या माणसाला समजावणं आणि आमच्या सुकलेल्या मातीत खुरपं घालणं, दोन्हीत हात फक्त सोलतात.

सोमवारी सकाळी गाडी लागली. पिरोश्का एका शब्दानं भांडली नाही, आपलाच शब्द होता. गेदेऑन त्याच वेळी कोट घालून, अत्तराची बाटली घेऊन आला. ईस्टरच्या सोमवारी पुरुष बायकांवर पाणी नाहीतर अत्तर शिंपडतात, बाई वर्षभर सुकू नये म्हणून. त्यानं तिच्या केसांवर शिंपडलं, ठरलेलं पद्य म्हणायला लागला आणि मधेच थांबला. "पुढचं विसरलो," म्हणाला. खोटारडा. साठ वर्षं म्हणतोय. पिरोश्कानं त्याला रंगवलेलं अंडं दिलं आणि माझ्याकडे वळली. "इर्मा, डबा मी पायरीवर ठेवलाय. जास्त पाणी ओतू नकोस, चिखल होतो." मी मान हलवली. 

सुरुवातीला एनिको तिला दर महिन्याला घेऊन यायची. पिरोश्का आधी दफनभूमीत जायची, मग माझ्याकडे कॉफी. "तिथं बाल्कनीत पेट्या आहेत," पिरोश्का सांगायची, "पिशवीतली विकतची माती. ती कसली माती, केकचा चुरा! खपलीच धरत नाही मेली." फोन मात्र रोज यायचा, संध्याकाळी, तिच्या त्या वेळेला. भेगा पडल्यात का, गवत काढलंस का. हिवाळ्यात रस्ते गोठले, येणं बंद झालं. फोन आठवड्यानं यायला लागला. मग ती भलतंच विचारायची, बीटची गाडी आली का, देझ्यो गुत्त्यावर आहे का. मी म्हणायचे, हो आहे, तो कुठं जातोय. फेब्रुवारीनंतर तिचा फोन आला नाही. मी केला की एनिको घ्यायची आणि म्हणायची, आई झोपलीये.

मी वर्षभर मनात धार लावून ठेवली होती. एनिको, तू तिला सुरक्षित ठेवायला नेलंस ना? बघ, इथं होती तोवर तिला रोज कोणाकडे तरी जायचं होतं, म्हणून ती शाबूत होती. असंच सांगणार होते. शब्द न शब्द पाठ होता.

यंदाच्या गुड फ्रायडेला दुपारी फोन वाजला. एनिको होती. ती इतकी रडत होती की आधी मला वाटलं, गेलीच पिरोश्का.

"मावशी, आई सकाळी बाल्कनीत गेली. पेटीतली माती उकरत होती. चमच्यानं. तिला वारच माहीत नाही."

"मग?"

"मी धावले. तिचे हात धरले. मावशी, मी धरले! म्हटलं, आई, आज नको, आज शुक्रवार आहे, बालिंतला लागेल."

 पलीकडे ती श्वास घेत होती.

"तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कोण बालिंत?"

माझे पाठ केलेले शब्द तोंडाशीच होते. मी ते गिळले, आणि संध्याकाळी पाण्याचा डबा घेऊन तिच्या नेहमीच्या वाटेनं गेले.